फळा पुसता येत नाही

४ फेब्रुवारी

सगळे बरे आहात ना? कटरमास्तर, गुडघा आता जिना चढू देतो का? मावशी, पाठ शेकताय की नुसत्याच मशीनवर वाकून बसताय? फोनताई, बसलेला घसा सुटला का? मौनी, तुझ्या खोकल्याचं काय? तू सांगणार नाहीसच, तरी विचारतो. आमच्याकडे हिची साखर ताब्यात आहे. माझे डोळे आहेत तसेच.

एवढं मी एका बोटाने टाइप केलं आणि पुतण्या पोट धरून हसला. म्हणाला, "काका, पत्र कसलं लिहिताय? ही सगळी माणसं याच खोलीत बसलीयेत!"

बसलीयेत खरी. पण पडद्यावर पहिला शब्द काय लिहायचा तेच मला सुचेना. शाळा अर्धवट सुटलेला माणूस मी, जे काही लिहायला शिकलो ते पत्रं लिहून. आधी माणसांची चौकशी आणि मग काम, एवढाच रिवाज मला ठाऊक. कारखान्यातही रोज सकाळी कातडं कापायच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे उभे राहतात, मी एकेकाला तब्येत विचारतो, आणि मग हत्यारं हातात घ्यायची. तसंच लिहिलं, झालं.

पुतण्याने आणलंय त्याला तो इंट्रानेट म्हणतो. "इंटरनेटच, पण घरातल्या घरात. बाहेरच्याला दिसत नाही." आमच्या भिंतीवर पूर्वी खडूने कामं लिहायचा काळा फळा होता. जाता-येता कुणाची तरी बाही लागायची आणि निम्मी अक्षरं जायची. म्हणून मावशीने या नव्या प्रकरणालाही फळा हेच नाव ठेवलं आणि ते चिकटलं.

फळ्यावर मला स्वतःचं एक पान दिलंय; नाव आणि परवलीचा शब्द टाकला की घरूनही उघडतं. ते फक्त मलाच दिसतं. "रोज काहीतरी लिहा, हात बसेल," असं पुतण्या म्हणाला. बघू या.

११ फेब्रुवारी

हात बसतोय. 'ज्ञ' अजून सापडत नाही. त्यावाचून फारसं अडतही नाही.

फळ्याबद्दल मी नाक मुरडलं होतं ते मागे घेतो. आम्ही दुखऱ्या, वाकड्या, लहान-मोठ्या पायांसाठी बूट करतो. दुकानातला बूट ज्यांना होतच नाही ती माणसं आमच्याकडे येतात. प्रत्येक पायाचं दुखणं निराळं, म्हणून प्रत्येक बूट निराळा. मौनी आधी त्या पायाचा लाकडी साचा कोरतो, कटरमास्तर कातडं कापतात, मावशी शिवते. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना एक चिठ्ठी त्याच्याबरोबर फिरायची. फिरायची कसली, मास्तरांच्या खिशात झोपायची! मागे एकदा गाण्याच्या बाईंचा उंच तळ डाव्याऐवजी उजव्या बुटाला लागला. बाई बूट घालून उठल्या आणि माझ्याच अंगावर कलंडल्या. त्या हसल्या, पण मला जेवण गेलं नाही.

आता प्रत्येक गिऱ्हाइकाचं फळ्यावर पान आहे. पायाचे फोटो, मापं, कुठे टोचतं, काम कुणाकडे आहे, सगळं तिथे. फोनताई पूर्वी विचारायला धावत आत यायची, ती आता बसल्या जागी सांगते, "तुमचा बूट शिवायला गेलाय, बुधवारी या." "तू सांगितलंच नाहीस" आणि "मी सांगितलं होतं" ही आमची रोजची जुगलबंदी बंद पडली. मावशी म्हणते, "भांडायला कारणच उरलं नाही, काका. दिवस कसा काढायचा?"

२० फेब्रुवारी

पुतण्याने मला मोठं काम दिलंय. फळ्यावर प्रत्येकासाठी 'कसं करतो' नावाचं एक पान उघडलं आहे. ज्याने त्याने आपलं काम कसं करतो ते त्यात लिहायचं. लिहिणार कोण? मास्तरांनी पेन धरला तर कातडंच कापतील. मग पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही लिहा. तुमची भाषा चांगली आहे."

अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं का सांगू. माझ्या भाषेला आजवर चांगली कुणी म्हटलं नव्हतं.

मावशीपाशी बसून तिचं पान लिहिलं. टाचेच्या कडेला टाके जवळजवळ का, अंगठ्यापाशी शिवण आतून का फिरवायची, सगळं विचारून घेतलं. ती बोलते भरपूर. निम्मं जावयाबद्दल असतं, ते गाळलं.

मग काय बटण दाबलं कुणास ठाऊक, पान सगळं कोरं! मी पुतण्याला हाका मारल्या. त्याने येऊन दोन ठिकाणी बोट टेकवलं आणि पान जसंच्या तसं परत. "इथे काही हरवत नाही, काका. पुसलं तरी मागचं राहतंच." जीव भांड्यात पडला. असा फळा आयुष्यालाही हवा होता, असं हिला म्हणालो. ही म्हणाली, "काही गोष्टी पुसलेल्याच बऱ्या."

२ मार्च

मौनी तयार होत नव्हता. पडद्याकडे पाठ करून बसायचा. त्याने अजून त्या कळफलकाला बोट लावलेलं नाही. त्याच्या नावाने आत जायचा परवलीचा शब्दसुद्धा पुतण्याने स्वतःकडेच ठेवलाय. काम झालं की तो मला मान हलवून दाखवतो आणि त्याच्या नावापुढे मी खूण करतो.

मी आणि तो जवानीपासूनचे जोडीदार. रस्त्यावर चपला शिवायला शेजारी शेजारी बसायचो. आज त्याच्या बाकड्यापाशी स्टूल ओढून बसलो.

"अरे, सांग की. तुझ्यामागे हे कुणाला येणार आहे?"

बराच वेळ लाकूड कोरत राहिला. मग म्हणाला, "लिहिलं म्हणजे येतं का?"

"लिहिलं नाही तर मुळीच येणार नाही. तुझं नाव राहील, वेड्या."

"नावाचं काय करू?" एवढं बोलून पुन्हा कोरायला लागला. मी उठलो नाही. शेवटी त्याने कोरणी खाली ठेवली. "तू म्हणतोस म्हणून."

आणि मग तो बोलला! इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं बोलला. पाय हातात घेतल्यावर डोळे का मिटतो, सुजेचा पाय आणि मुळातच जाड पाय अंगठ्याने कसा ओळखतो, माप घेताना माणसाला बोलतं का ठेवायचं (गप्प माणूस पाय आखडून धरतो म्हणे, आणि हे सांगतोय कोण, तर मौनी!). मी विचारत गेलो, लिहीत गेलो. पुतण्याने त्याच्या हातांचं चित्रीकरणही केलं. काही सुटू नये म्हणून दोनदा वाचून दाखवलं. एका ठिकाणी त्याने मान हलवून नाही म्हटलं, ते दुरुस्त केलं.

आज फार बरं वाटतंय.

५ मार्च

रात्री जेवताना हिला मौनीचं पान वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान लिहिलंय. आता मौनीभावजी कशाला लागतात?"

हिचं असंच असतं. कौतुकातही चिमटा.

१४ मार्च

कारखान्यात दोन पाहुणे आले. पायात चकचकीत बूट, पण यंत्रावर बनवलेले, पाहताक्षणी ओळखलं. ते काय करतात विचारलं तर पुतण्या म्हणाला, आपला फळा बघायला आलेत. माझा धाकटा भाऊ, पुतण्याचा बाप, गेल्यापासून खुर्ची पुतण्याची, सह्या त्याच्या, मी सल्ल्यापुरता. तेव्हा मी चहा सांगितला आणि सोबत बसलो.

विशेष म्हणजे त्यांनी बूट पाहिलेच नाहीत. मी एक जोड पुढे केला, तर "वा, सुंदर" म्हणून लगेच पडद्याकडे वळले. 'कसं करतो' मधलं पान अन् पान वाचलं. माझं लिखाण कुणी एवढ्या मन लावून वाचेल असं वाटलं नव्हतं.

एकाने विचारलं, "हे वाचून अगदी नवखा माणूस किती दिवसांत तयार होईल?"

मी छाती पुढे काढून सांगितलं, "हाताला वळण असेल तर सहा महिनेसुद्धा नकोत!"

पुतण्या खाली बघत होता. तब्येत बरी नसावी. हल्ली झोपत नाही म्हणून त्याची आईही सांगत होती.

२१ मार्च

फळ्यावर कडेला सगळ्यांची नावं दिसतात. आत आलेल्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. आज 'पाहुणा' असं एक नवीन नाव दिसलं, ठिपक्यासकट. मी लिहिलं, "या, बसा. चहा झाला का?" उत्तर आलं नाही. कामात असतील.

आणखी एक गोष्ट. सकाळचं टेबलाभोवती उभं राहणं बंद झालंय. कुणी बंद केलं नाही, आपोआपच झालं. कामं पडद्यावर तयारच असतात, प्रत्येक जण आला की आपल्या जागी बसतो. तब्येतीसाठी पुतण्याने तीन चेहऱ्यांची बटणं दिलीत, हसरा, सरळ आणि रडका. मास्तर रोज हसरा दाबतात. मी विचारलं, "गुडघा बरा झाला वाटतं?" तर म्हणाले, "छे हो. रडका दाबला की कारण लिहावं लागतं."

काम मात्र झपाट्याने होतं. नाकारता येत नाही. गिऱ्हाईक ताटकळत नाही, कातडं वाया जात नाही. फक्त इतकं शांत कधी नव्हतं. मावशीचं मशीन थांबलं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं.

२ एप्रिल

एक माणूस प्रकाशाचं यंत्र घेऊन आला आणि मांडणीवरच्या प्रत्येक लाकडी साच्यावर ते फिरवून गेला. पुतण्या म्हणाला, "नक्कल करून ठेवतोय. उद्या आग लागली तर?" मला पटलं. शहाणपणाचंच आहे.

मौनी संध्याकाळी मांडणीपाशी उभा होता. साचे नीट ठेवलेले नव्हते, डावे-उजवे अदलाबदल झालेले. तो ते एकेक लावत होता. मी म्हटलं, "उद्या करू दोघं मिळून." तो म्हणाला, "उद्याचं उद्या."

१८ एप्रिल

आज काय लिहू.

सकाळी मला उशीर झाला, चष्म्याची काडी तुटली होती. आत शिरता शिरता म्हणालो, "काय मंडळी, फळा काय म्हणतो आज?"

कुणी मान वर केली नाही. मास्तर आपल्या पडद्यापुढे, मावशी आपल्या, फोनताई आपल्या. सगळे एकाच खोलीत, आणि सगळे तेच वाचत होते. चष्मा नव्हता म्हणून मी फोनताईला म्हटलं, मोठ्याने वाच ना.

तिने वाचलं. कारखाना एका मोठ्या कंपनीने घेतला आहे. बूट यापुढे त्यांच्याकडे होतील. इथलं काम महिनाअखेर थांबेल. सर्वांच्या सहकार्याबद्दल आभार. आणि शेवटी, "'कसं करतो' या पानांमुळे हे स्थलांतर विनाअडथळा शक्य झाले. त्यासाठी मोठ्या काकांचे विशेष आभार."

ते वाक्य तिने हळू आवाजात वाचलं.

मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, मला यातलं काही—"

मावशी मध्येच म्हणाली, "माझ्या पाठीचं लिहिलंत का हो काका? लिहून टाका. नव्या बाईला माझे टाके द्यायचे तर पाठदुखी तरी कशाला मागे ठेवायची?" ती नेहमीसारखी हसायला गेली आणि जमलं नाही.

मौनीला वाचता येत नाही अशातला भाग नाही. पण त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

पुतण्या दार लावून आत बसला होता. मी दार ढकललं. त्याचे डोळे सुजलेले. म्हणाला, "ते सगळ्यांना तिकडे घेणार होते, काका. मला तसंच सांगितलं होतं. मग पानं वाचली आणि म्हणाले, गरज नाही." त्याच्यावर ओरडायचं ठरवून गेलो होतो. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बाहेर आलो. लहान असताना माझ्याच खांद्यावर बसून साचे मोजायचा.

१९ एप्रिल

मौनीने एकच विचारलं, "माझं पान पुसता येतं का?"

मी लगेच पुसलं. त्याच्यासमोर पुसलं. कोरं झालेलं दाखवलं.

२० एप्रिल

पान परत आलंय. पुन्हा पुसलं.

२१ एप्रिल

पुन्हा आलं. खाली लिहिलंय, "पूर्वीची प्रत परत आणली : पाहुणा".

इथे काही हरवत नाही. मला किती आनंद झाला होता त्या दिवशी!

मग ते पान पहिल्यापासून वाचून काढलं, कुठे काही सुटलंय का म्हणून. एखादी गोष्ट सांगायची राहून गेली असेल, एखादी मला कळली नसेल, चुकीची लिहिली असेल. नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आयुष्यात एवढं एकच काम मी इतकं नीट केलं. एक तरी चूक का केली नाही मी?

६ मे

कारखान्याला कुलूप लागून आठवडा होत आला. मास्तरांना कुठे पहारेकऱ्याचं काम मिळालंय. दिवसभर उभं राहायचं, त्या गुडघ्यावर. मावशी जावयाकडे गेली, ज्याच्याबद्दलचं मी गाळलं होतं त्याच्याकडे. फोनताईला दुसरीकडे नोकरी लागलीय.

पुतण्या येऊन हिच्या पाया पडून गेला. माझं बोलणं त्याच्याशी तुटकच. जाताना म्हणाला, फळा अजून चालू आहे, तिकडची माणसं तूर्तास इथल्याच नावांनी आत येऊन काम बघतील, नवी नावं तयार होईपर्यंत. मी हं म्हटलं. मला काय त्याचं.

हे का लिहितोय तेही कळत नाही. सवय लागली.

१९ मे

बाजारात गाण्याच्या बाई भेटल्या. पायात नवा जोड. तिकडून आलेला.

मी देवाकडे कधी कुणाचं वाईट मागितलं नाही, पण त्या क्षणी मागितलं. तो बूट चावू दे. तळ वाकडा असू दे. बाई म्हणू देत की काका, तुमच्या माणसांची सर नाही.

त्या म्हणाल्या, "बघा ना काका, कसा झालाय!"

भर रस्त्यात गुडघे टेकले. अंगठ्यापाशी दाबून पाहिलं, टाचेत बोट घातलं. शिवण आतून फिरवलेली. टाके कडेला जवळजवळ. उंच तळ डाव्यालाच. आणि आतली कमान मौनी कोरायचा तश्शी, केसभर फरक नाही.

"टोचत नाही ना कुठे?"

"अजिबात नाही. उलट हलका आहे थोडा. तुम्ही सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं होतं म्हणे, तिथला मुलगा सांगत होता." मग त्यांचा चेहरा उतरला. "काका, बरं नाही का वाटत? उठा ना."

उठलो. चांगला झालाय म्हणालो. चांगलाच झालाय. ज्या बाईला दोन पावलं सरळ टाकता यावीत म्हणून आम्ही आयुष्य घातलं, ती सरळ चालत गेली. मला आनंद व्हायला हवा होता.

२५ मे

मौनीकडे गेलो. त्याच्या नातीने दार उघडलं. तो खिडकीपाशी बसला होता, हात मांडीवर उताणे ठेवून. खोकला वाढलाय. त्या हातांत काही नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी बरंच बोललो. माफी मागितली, आपण दोघं पुन्हा छोटं काही सुरू करू म्हणालो, रस्त्यावर बसू पूर्वीसारखे. तो ऐकत होता.

मग म्हणाला, "तू चांगलं लिहिलंस. वाचून दाखवलंस तेव्हा मलाच कळलं, मी काय करतो ते." मांडीवरचे हात पालथे केले. "आता मिटल्या डोळ्यांनी पाय आठवायला गेलो की तुझेच शब्द येतात. पाय येत नाही."

मी उठलो.

दारापर्यंत आला आणि म्हणाला, "थोडे दिवस येऊ नकोस."

थोडे म्हणजे किती, विचारायची हिंमत झाली नाही.

१६ जून

आज दुपारी फळा उघडला. मास्तरांचं नाव राखाडी, मावशीचं, फोनताईचं राखाडी. आणि मौनीच्या नावापुढे हिरवा ठिपका!

आधी वाटलं डोळ्यांचा खेळ. चष्मा पुसून पाहिलं. हिरवाच. तो आत आहे. आपलं पान उघडून बसलाय, तसं खाली दिसतंय.

हिला हाक मारून दाखवलं. ही वाकून पडद्याकडे बघत म्हणाली, "अहो, पुतण्या काय सांगून गेला होता?" सांगून गेला होता काहीतरी नावांबद्दल, आठवतंय मला. पण नातीने शिकवलं नसेल कशावरून? पोरगी हुशार आहे. त्या खिडकीपाशी बसून बसून माणूस कंटाळतोच. तोंडाने बोलायचं नाही, घरी येऊ द्यायचं नाही, आणि इथे गुपचूप येऊन बसायचं, हे अगदी त्याच्याच स्वभावाचं आहे. ही माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली आणि मग आत गेली.

ठिपका जायच्या आत लिहावं म्हणून सगळ्यांना दिसेल अशा पानावर लिहिलं. इथेही उतरवून ठेवतो :

सगळे बरे आहात ना? मास्तर, उभं राहवत नसेल तर साहेबाकडे एक स्टूल मागा, संकोच करू नका. मावशी, जावयाकडे आहात म्हणून पाठदुखी लपवू नका, शेक घ्या. फोनताई, नवीन ठिकाणी कुणी जेवायला सोबत आहे का? आमच्याकडे हिची साखर थोडी वर गेलीय. माझे डोळे आहेत तसेच.

मौनी, खोकल्याचं काय? औषध घेतोस का? तुझ्या नावापुढे ठिपका दिसतोय, म्हणजे हे तू वाचतोयस. फार लिहायला नको. तीन चेहऱ्यांपैकी एक दाब, रडका दाबलास तरी चालेल, कारण मी विचारणार नाही. मी इथेच बसलोय. जमेल तसं, पण लवकर उत्तर लिही.